इकेंगा कुणी फोडायचा?

देरा, दुबई
१३ मार्च १९६४

लुसी,

काल, गुरुवार दिनांक १२ मार्च १९६४ रोजी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तू सात बायकांसमोर माझी फजिती केलीस. वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवली आहे. तक्रार करायची तर तारखेसकट करावी, हे आपल्या कॉन्व्हेंटच्या नन्सनीच शिकवलं होतं. पुढे तू स्वतःच नन झालीस आणि मी रत्नागिरीला तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवून घरी बसले. तुझं नाव आता सिस्टर मेरी इग्नेशिया आहे, हे मला माहीत आहे. मी लुसीच म्हणणार. वसईची लुसी परेरा पावाला लावायचं लोणी वेणीला लावायची, हे मी विसरलेली नाही.

आता गुन्हा. तू नायजेरियाहून मोठ्या कौतुकाने एक हस्तलिखित पाठवलंस. "मरियम, ही ओबियागेली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच मिशनच्या शाळेत शिकवते. इग्बो लोकांवर कादंबरी लिहिते आहे. तू लाल शाई घे आणि स्पष्ट सांग." स्पष्ट सांगायला मला कुणी बोलावलं की मला ताप असला तरी मी उठून बसते. शिवाय निवृत्तीनंतर मुलाकडे, रफिककडे, दुबईला आल्यापासून दर गुरुवारी आमच्या माडीवर मी कोकणातल्या बायकांना इंग्रजी कादंबऱ्या मराठीतून सांगते. त्यांचे नवरे बोटींवर, दुकानांत, ऑफिसांत. दुपारभर करायचं काय? माझ्या सुनेची आई हव्वाबी तर हर्णैहून अन्वरीच्या बाळंतपणाला आली आणि नातू चार महिन्यांचा झाला तरी केवळ कथेसाठी थांबली आहे. ती म्हणते नातवासाठी. नातवाला ती कथेच्या मध्ये रडू देत नाही.

तर तुझ्या ओबियागेलीची कथा मी पाच गुरुवार सांगितली. उदेझे नावाचा म्हातारा, इग्बो गावचा मानी माणूस. त्याच्या खोपटात त्याचा इकेंगा. ही लाकडाची मूर्ती म्हणजे तिथल्या प्रत्येक पुरुषाची स्वतःची, डोक्याला दोन शिंगं, उजव्या हातात सुरी. माणसाने आपल्या उजव्या हाताने जे मिळवलं त्याची ती खूण. पाहुणा आला की कोला फळाचा पहिला तुकडा तिला. म्हाताऱ्याला मुलगा नाही, एकच मुलगी. तिला तो शिकायला नन्सकडे घालतो आणि नन्स तिला ख्रिस्ती करून परत देतात. मग बापलेकीचं एका ताटातलं जेवण बंद, सणाचं अन्न बंद, शेवटी बोलणंही बंद. मग म्हातारा चटईवर पडतो. माणूस मेला की त्याचा इकेंगा कुऱ्हाडीने दुभंगायचा, अशी तिथली रीत. नाहीतर त्याची ताकद मालकावाचून मागे राहते. हे काम वारसाचं. पण पुतण्या सायमन आता चर्चमध्ये धर्मशिक्षण देतो, तो लाकडाला हात लावणार नाही. म्हणून म्हातारा लेकीला बोलावून सांगतो, "माझ्यामागे तू फोड." लेक दारात उभी राहते.

मी पान उलटलं. मागे कोरं.

मी चष्मा पुसला. शिक्षिकेला वेळ हवा असला की ती चष्मा पुसते.

"वाचा ना," हव्वाबी म्हणाली.

"एवढंच आहे."

"एवढंच कसं? माणूस मरायला टेकलाय, पोरगी दारात उभी, नि एवढंच?"

"शेवट लपवला गो हिने," शहरबानू म्हणाली. तिचं खालच्या गल्लीत कापडाचं दुकान आहे आणि माल लपवण्याबद्दल तिला सगळं कळतं. "आपल्याला झेपायचा नाही म्हणून."

मी म्हटलं, लेखिकेने लिहिलाच नाही. कुणाचा विश्वास बसला नाही. जी बाई इंग्रजी पुस्तकातून सरळ मराठी बोलते तिला एका पानापुढचं दिसू नये? मग त्यांनी माझ्यावाचूनच भांडण सुरू केलं. शहरबानू म्हणाली, "तोबा, मूर्तीला हात कशाला लावायचा?" हव्वाबी म्हणाली, "मूर्ती राहू दे बाजूला. बाप शेवटचं काम सांगतो नि लेक दारात उभी! आधी विचारा, तिला कुऱ्हाड तरी धरता येते का."

तेव्हा शेवट पाठव. लेखिकेला तो सुचत नसेल तर माझा घे. मी समासात लाल शाईने लिहिलाच आहे: मुलीने नकार द्यावा. तो लाकडाचा ओंडका उचलून फादरकडे न्यावा, चर्चच्या अंगणात तो जाळावा आणि चटईवरून म्हाताऱ्याने धूर पाहावा. याला शोकांतिका म्हणतात. मी घरून मुसलमान आणि शाळेतून नन्सच्या हाताखालची, मूर्तीपुढे दोन्हीकडून नाक मुरडायला शिकलेली बाई. (आपल्या कॉन्व्हेंटच्या जिन्यावरचे पुतळे मी धरत नाही. ते प्लास्टरचे होते.) हस्तलिखित आजच्याच टपालाने परत करते आहे. लेखी खुलासा ३० एप्रिलच्या आत यावा.

मरियम


मिशन कॉन्व्हेंट, पूर्व नायजेरिया
६ एप्रिल १९६४

प्रिय मरियम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही. इथे मराठी वाचायला मीच आणि लिहायला तूच, त्यामुळे माझ्या चुका सांभाळून घे.

खुलासा असा की शेवट नाही. ओबियागेलीला पुढे लिहिता येत नाही. तुझी लाल शाई तिने फार लक्ष देऊन वाचली. "यॅम कंदाचं वर्णन अर्ध्यावर आणा, वाचकाला भूक लागते", यावर ती मोठ्याने हसली. शेवटाचं पान तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "सिस्टर, तुमची मैत्रीण ना चर्चची, ना आमच्या देवांची. तिला काही मिळवायचं नाही आणि तरी ती ठामपणे सांगते." ते पान तिने घरी नेलं आहे.

मला तुला एक विचारायचं आहे. तुझ्या शेवटात धूर निघाल्यावर मुलगी कुठे जाते? रात्री झोपते का? तू ते लिहिलेलं नाहीस.

आणि दुसरं. कादंबरीतली सिस्टर अगाथा तुला खरंच इतकी मूर्ख वाटते? तू तिच्याबद्दल समासात "गाढव" असं तीनदा लिहिलं आहेस.

इथे पाऊस सुरू होतो आहे. ईस्टरच्या सुट्टीत मी सायकलवरून ओबियागेलीच्या गावी जाऊन आले. तिचे वडील आजारी आहेत. त्यांनी मला कोला दिला. मी आधी त्यांच्याकडून कधी घेतला नव्हता. कडू असतो, पण वर पाणी प्यायलं की गोड लागतं. आमच्या वसईच्या वाडीत आजोबा पाहुण्याला पान द्यायचे, तसे ते देतात, उजव्या हाताने आणि समोरच्याकडे न बघता.

तुझी,
लुसी


देरा, दुबई
२६ एप्रिल १९६४

लुसी,

बकरी ईद झाली, घरात अजून मटणाचा वास आहे आणि तुझं पत्र रफिकने ऑफिसच्या पेटीतून आणून दिलं. मुदतीच्या आत आलंस, त्याबद्दल दहापैकी चार गुण. खुलासा नाही, त्याबद्दल सहा गेले.

लेखिकेचे वडीलही आजारी, हे वाचून वाईट वाटलं. आता कळलं तिची लेखणी का अडली. घरचं दुखणं आणि पुस्तकातलं दुखणं तिच्या मनात एक झालं असणार. नवशिक्यांचं असंच होतं. तिला माझ्यातर्फे सांग, लेखकाने कठोर व्हायला हवं. आपल्या बापाला बाजूला ठेव आणि कादंबरीतल्या बापाला मार. मी स्वतः एकही कादंबरी लिहिलेली नाही, त्यामुळे याबाबतीत मी फार खात्रीने बोलू शकते.

मुलगी झोपते की नाही, हा प्रश्न वाचून मला तुझं नन असणं जाणवलं. शोकांतिकेत शेवटच्या पानानंतर कुणी झोपत नाही.

सिस्टर अगाथा गाढवच आहे. पहिल्याच दिवशी शाळेत आलेल्या पोरीच्या गळ्यातला आईने बांधलेला दोरा कापते, विहिरीत टाकते आणि संध्याकाळी त्याच विहिरीचं पाणी सगळ्यांना प्यायला लावते! अशी बाई मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नाही. पाहिली असती तर तिची बदली मागितली असती.

आता माझ्या घरचं ऐक. परवाच्या गुरुवारी बायकांनी पुन्हा शेवट मागितला. मी काय करणार? माझा शेवट मी लेखिकेचा म्हणून सांगितला. छान सांगितला, खोटं कशाला बोलू. धूर असा वर नेला की अन्वरीने खिडकी लावली. मग हव्वाबी उठली. तिने पानाचा डबा बंद केला आणि विचारलं, "म्हणजे पोरीने बापाला धूर दाखवला?"

"हो. ही शोकांतिका आहे, विहीणबाई."

"शोक नाही ही. ही लबाडी आहे. ज्याने कुणी ही लिहिली त्याने बाप पुरलेला नाही."

आणि दुसऱ्या दिवशी ती उम्म अल कुवैनला गेली, आपल्या मुलाकडे, इद्रीसकडे. वाळूतून लॅन्ड रोव्हरने चार तास, कंबर धरून. कथेवर रुसून! रफिक म्हणाला, "अम्मा, प्लीज, नेक्स्ट टाइम हॅपी एन्डिंग द्या. घरात बेबी आहे, हेल्प करायला कुणी नाही." आता नातवाचे लंगोट मी धुते आहे. साहित्याची सेवा अशीही करावी लागते.

तर लेखिकेला घाई करायला सांग. माझा शेवट तिला पटला असेल तर तो वापरण्याची लेखी परवानगी या पत्राने देते.

मरियम


मिशन कॉन्व्हेंट
१६ मे १९६४

प्रिय मरियम,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं.

ओबियागेलीचे वडील म्हणजेच उदेझे. नावसुद्धा तिने बदललं नाही. खोपटं तेच, चटई तीच, दारात उभी राहिलेली तीच. त्यांनी तिला विचारलं गेल्या जुलैत. ती तेव्हापासून लिहीत होती, कारण लिहिताना उत्तर द्यावं लागत नाही. मला तिला काही सांगता येईना. मी सांगितलं असतं ते चर्चचं झालं असतं. म्हणून मी तुझ्याकडे पाठवलं. कादंबरी म्हणून पाठवलं, कारण खरं म्हणून पाठवलं असतं तर तू जपून बोलली असतीस.

तू जपून बोलली नाहीस. तुझं दुसरं पत्रही मी तिला इंग्रजीतून वाचून दाखवलं. "आपल्या बापाला बाजूला ठेव." तिने ते ऐकलं आणि गावी गेली. वडील झोपले असताना तिने इकेंगा कापडात गुंडाळून इथे आणला. तो माझ्या खोलीत पलंगाखाली आहे. मला त्याच्यावर झोप येत नाही.

पाच जूनला, येशूच्या पवित्र हृदयाच्या सणाला, फादर केव्हनॉ अंगणात होळी करणार आहेत. गावोगावच्या मूर्ती जमल्या आहेत. म्हातारे उदेझे अजून जिवंत आहेत. जिथे तो उभा असायचा ती मोकळी जागा ते दिवसभर बघत असतात, असं सायमन म्हणतो. सायमनला स्वतःला ते बघवत नाही, पण लाकूड परत नेऊन ठेवायची त्याची छाती होत नाही.

दोष तुझा नाही, माझा आहे.

आणि मरियम, दोरा कापणारी मी होते. १९३८ साली. पाणी मीही प्यायले होते.

लुसी


तार
दुबई, २ जून १९६४

सिस्टर इग्नेशिया, मिशन कॉन्व्हेंट. जाळू नका. लाकूड बापाला परत द्या. मागाहून लेकीने फोडावं. फादरना सांगा मूर्ती मोडणार. दोन्ही खरं. मरियम.


देरा, दुबई
३ जून १९६४

लुसी,

तार पोचली असेल अशी आशा. तारेच्या खिडकीवरच्या कारकुनाने मजकूर वाचला आणि विचारलं, "अम्मा, आग किधर लगी है?" मी म्हटलं, आफ्रिकेत. त्याने मागच्या माणसाला हाक मारली, "यल्ला, पहले इनका भेजो!" त्या भल्या माणसाला वाटलं माझा कुणी जळतो आहे.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर संतापले. मग आरशासमोरून जाताना स्वतःवर, आणि तो संताप जास्त टिकला. तीस वर्षं मी मुलींच्या निबंधांवर "हे खरं वाटत नाही" असा शेरा मारला. आता एक खरी गोष्ट हातात आली तर मी तिच्यातले यॅम कंद कमी करायला सांगितले. गाढव हा शब्द मी चुकीच्या बाईपुढे लिहिला. तुझ्यापुढचे तीनातले दोन खोडून माझ्या नावापुढे लिही.

पण डोकं थोडं चालतं आहे अजून, म्हणून ऐक. काल तार लिहिताना माझ्या लक्षात आलं ते तुम्हा कुणाच्या कसं आलं नाही? फादरना ते लाकूड नष्ट करून हवं आहे. म्हाताऱ्यालाही नष्टच करून हवं आहे! एकाला आगीने, दुसऱ्याला कुऱ्हाडीने, एकाला आज आणि दुसऱ्याला मेल्यावर. भांडण लाकडाचं नाहीच. भांडण आहे ते कुणाच्या हुकुमाने मोडायचं याचं. मग मुलीने बापाचं काम करावं आणि फादरनी त्याला मूर्तिभंजन समजावं. कुणी काही बोलायचं नाही. आठवतं, सकाळच्या प्रार्थनेला मी ओठ हलवून आमची मुसलमानांची दुआ, दरूद, म्हणायचे आणि मदर म्हणायच्या, "बघा, मुसलमानाची मुलगी किती भक्तीने म्हणते!" मला बक्षीस मिळालं होतं, संत तेरेसाचं चित्र. आईने ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं.

इद्रीसच्या माणसाबरोबर हव्वाबीला निरोप धाडला की कथेतला बाप खरा आहे आणि जिवंत आहे, आणि धूर मी माझ्या पदरचा घातला होता. ती आज दुपारी येऊन थडकली. उंबऱ्यातच म्हणाली, "मग तुम्ही इथे काय बसलात?" मी म्हटलं, आफ्रिकेला कशी जाऊ? ती म्हणाली, "धूर पाठवलात तेव्हा बरा गेला तो!"

नंतर तिने लंगोट ताब्यात घेतले. म्हणजे माफी मिळाली असावी. विचारायची हिंमत नाही.

काय झालं ते लगेच लिही.

मरियम


मिशन कॉन्व्हेंट
२३ जून १९६४

प्रिय मरियम,

तार चार तारखेला दुपारी पोचली. मदर सुपीरियरनी ती उघडून वाचली होती. मी सांगितलं, मैत्रीण वयस्कर आहे.

संध्याकाळी मी इकेंगा सायकलच्या टोपलीत घातला, वर भाजी ठेवली आणि ओबियागेलीला मागे बसवून गावी गेले. चिखल होता. शेवटचा पल्ला आम्ही सायकल ढकलत गेलो. म्हातारे उदेझे जागे होते. ओबियागेलीने कापड सोडलं आणि मूर्ती तिच्या जागी ठेवली. ती काहीतरी बोलणार होती. ते तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "याचाही बाप्तिस्मा करून आणलात का?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग बसा." आणि उजव्या हाताने कोला पुढे केला. फोडताना ओबियागेलीने वाटी धरली. पहिला तुकडा त्यांनी इकेंगाला दिला, दुसरा तिला. तिने खाल्ला, मरियम. तिचा बाप्तिस्मा झाल्यापासून पहिल्यांदा, एकवीस वर्षांनी.

नऊ तारखेला ते गेले. तिने कुऱ्हाड घेतली. इरोकोचं लाकूड, दगडासारखं. पहिला घाव घसरला. दुसऱ्याला पातं अडकलं आणि निघेना. कुंपणाबाहेर सायमन उभा होता. तो ओरडला, "रेषा बघून मार! आडवी नको, रेषा बघून!" आत मात्र आला नाही. तिने पाय रोवला आणि फोडलं. एक भाग वडिलांबरोबर पुरला, दुसरा गावाबाहेर टाकला. मी पाहिलं. ती रडली नाही, नंतर कुऱ्हाड धुतली.

फादरना मी तुझ्या तारेप्रमाणे सांगितलं. बर्नाडेटने (तिचं चर्चचं नाव) घरची मूर्ती स्वतःच्या हाताने फोडली. ते फार खूश झाले.

रविवारी, १४ तारखेला, ते प्रवचनात हेच बोलले. "जिला कालपर्यंत तुम्ही त्या म्हाताऱ्याची मुलगी म्हणत होतात, तिने कुऱ्हाड उचलली." लोकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती स्त्रियांच्या बाकांवरून उठली आणि म्हणाली, "फादर, मी मूर्ती मोडली नाही. माझ्या वडिलांनी सांगितलेलं काम केलं. मी त्यांना निरोप दिला." फादर म्हणाले, "खाली बस, बर्नाडेट." ती उभी राहिली. सायमनने गाण्याचं पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं. फादर पुन्हा म्हणाले, बस. ती प्रार्थना संपेपर्यंत उभी होती.

सोमवारी मिशनने तिची नोकरी संपवली. शिक्षकांच्या वस्तीतली खोलीही सोडावी लागली. मी तिला ट्रंक भरायला मदत केली. आता ती वडिलांच्या घरी राहते. छप्पर गळतं. कादंबरीचा शेवट लिहायला घेतला आहे, असं तिने कळवलं आहे. तुझ्याबद्दल ती रागाने बोलत नाही. म्हणाली, "त्यांनी चूक सुद्धा ठामपणे केली."

तुझी तार चांगली होती, मरियम. चालली असती.

लुसी


देरा, दुबई
१० जुलै १९६४

लुसी,

काल गुरुवार होता. मी तुझं पत्र बायकांना शब्दशः सांगितलं, एक धूरही पदरचा घातला नाही. कोला खाल्ला तिथे शहरबानूने डोळे पुसले आणि मला सांगितलं की तिच्या डोळ्यात वाळू गेली. कुऱ्हाड घसरली तिथे हव्वाबी स्वतःशीच म्हणाली, "रेषा बघायला शिकवत नाहीत शाळेत." मी तो टोमणा घेतला. चर्चचंही सांगून पुरं केलं.

मग हव्वाबीने विचारलं, "नि ती तुमची मैत्रीण?"

"ती काय?"

"ती कुठे होती?"

मी तुझं पत्र पुन्हा पाहिलं. चष्मा पुसला नाही, सरळ पाहिलं. मुलगी काय म्हणाली ते तू लिहिलं आहेस. फादर दोनदा काय म्हणाले ते लिहिलं आहेस. सायमनने पुस्तकात डोकं घातलं, हेही तुला दिसलं. ट्रंक भरायला मदत केलीस, हे नंतरचं झालं. स्वतःबद्दल त्या पानावर एक अक्षर नाही. तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, लुसी. मुलीने कुठला प्रश्न सोडला हे मला लिहिलेल्या उत्तरांच्या आधी दिसतं.

मी तुझ्यावर ओरडायला बसले होते. कागद पुढे घेतला आणि दिसलं की ती तार माझी आहे. ओठ हलवून बक्षीस घ्यायची माझी जुनी युक्ती मी तुझ्या तोंडात घातली, तू फादरच्या कानात घातलीस आणि त्यांनी ती भर चर्चमध्ये वाजवली. शिकलेल्या तीन माणसांनी मिळून एक सोयीचं खोटं जमवलं आणि ते नको म्हणायला एकटी तीच उठली. मी दुबईत पंख्याखाली बसून "दोन्ही खरं" असं लिहिलं, ते मला फार हुशारीचं वाटलं होतं. मी रफिकलाही दोनदा वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "अम्मा, सुपर्ब." पोरगं आईच्या बाबतीत भोळं आहे.

ओबियागेलीला कळव की मी शेवटाबद्दल काही सुचवणार नाही. हवं तितके यॅम कंद घालू दे. मिशनच्या व्यवस्थापकांना मी वेगळं पत्र टाकलं आहे, इंग्रजीत, तारखेसकट, शिक्षिकेला तिच्या बापाच्या अंत्यविधीसाठी काढून टाकण्याचं कारण लेखी मागून. दुबईतल्या एका निवृत्त मुसलमान बाईला ते का उत्तर देतील, मला माहीत नाही. पण मी न विचारल्यास त्यांना उत्तर न देणंही सोपं जाईल.

आता तुझं. ओबियागेली लिहायला बसली आहे आणि सिस्टर अगाथाला, म्हणजे तुला, ती त्या चर्चमध्ये कुठेतरी ठेवणार आहे. ती तिथे होती, तिने पाहिलं आहे. मी पाहिलेलं नाही, म्हणून विचारते. मी तुझ्या जागी असते तर बसून राहिले असते, हे मला पक्कं माहीत आहे. पुढच्या बाकाला हात धरून, मान खाली, ओठ हलवत. तेव्हा तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस आणि मला बरं वाटावं म्हणूनही नको.

रविवार, १४ जून १९६४, प्रवचनाच्या वेळी फादर "बस" असं दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सिस्टर मेरी इग्नेशिया बसलेली होती की उभी, याचं लेखी उत्तर तुझ्या हाताने, सोमवार दिनांक ३१ ऑगस्टच्या आत मला मिळालं पाहिजे. एका शब्दात चालेल.

मरियम